बाबांची सत्तावीस वर्षांची जिप्सी : आधी कशाला हात घालू?

वाशिष्ठीकाठ | २ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही गाडीवर.

आमच्याकडे १९९८ ची मारुती जिप्सी किंग आहे. १२९८ सीसी, कार्बोरेटरवाली. बाबांनी नवी कोरी घेतली होती. गुहागर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची कलमांची बाग आहे आणि तिथे चढणारा शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे नुसता जांभा आणि निसटते दगड. आंब्याच्या पेट्या, शेणखताच्या गोण्या, पंप, गडीमाणसं, एकदा तर वाडीतली अडलेली बाळंतीण, सगळं याच गाडीने उतरवलंय. बाबा आता ७३ चे आहेत. आठ महिने गाडी शेडमध्ये उभी आहे आणि ते रोज सकाळी जाऊन बॉनेटवर हात फिरवून येतात. मृगाच्या आधी ती पुन्हा सड्यावर चढलेली मला बघायची आहे.

तक्रारी अशा आहेत. पन्नासच्या पुढे गेल्यावर एखादा खड्डा लागला की पुढची चाकं नाचायला लागतात, स्टिअरिंग हातात थरथरतं, वेग पार कमी केल्यावरच थांबतं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं, तेलकट ग्रीस ओघळलेलं असतं. फोर बाय फोरची दांडी पडते, पण पुढची चाकं ओढत नाहीत (पुढची चाकं ॲक्सलशी जोडणारी हब हाताने फिरवायची आहेत, बाबांनी फार पूर्वी बसवून घेतलेली). सकाळी सुरू व्हायला त्रास, पेट्रोलचा वास. आणि खालून गंज आहेच, समुद्र आमच्या घरापासून चार किलोमीटरवर.

एका गॅरेजवाल्याने १ लाख ८० हजार सांगितले. त्यात पूर्ण डेंटिंग-पेंटिंग, नवं हूड (कापडी छप्पर) आणि 'पेट्रोल परवडत नाही' म्हणून जुनं डिझेल इंजिन. माझ्याकडे आत्ता ८० हजार आहेत. आधी कशाला हात घालू?

साधा_विचार | २ मे, रात्री ९:३४

ताई, भावना समजतात, पण २७ वर्षांच्या गाडीत ८० हजार घातले की पुढच्या वर्षी आणखी ८० लागतात. हौशी लोक जिप्सीला चांगले पैसे देतात. विकून त्यात भर घाला आणि जिम्नी घ्या. त्याच घराण्यातली आहे, चासी (खालचा सांगाडा) तशीच शिडीसारखी, चढासाठी लो गिअरही आहे.

घाटरस्ता | २ मे, रात्री १०:०५

माझ्याकडे बारा वर्षं जिप्सी आहे, पुण्यात असतो. तुम्ही सांगितलेलं एकही दुखणं असाध्य नाही. फक्त गॅरेजवाल्याने क्रम उलटा लावलाय. रंग आणि हूड सगळ्यात शेवटी. आधी चासी, मग ब्रेक, मग स्टिअरिंग आणि पुढचा ॲक्सल, त्यानंतर फोर बाय फोर, मग इंजिन. चासी कुजलेली असेल तर बाकी खर्चाला अर्थ नाही, म्हणून पहिला दिवस फक्त हातोडी घेऊन गाडीखाली घालवा.

चाकं नाचण्याबद्दल. बहुतेक ठिकाणी नवा स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) बसवून देतात. थरथर थांबते, गिऱ्हाईक खूश, आणि सहा महिन्यांत दुखणं परत. डॅम्पर ढिलेपणा झाकतो, घालवत नाही. खरा ढिलेपणा कुठे आहे ते घरीच कळतं. पुढचा ॲक्सल जॅकने उचला, खाली घोड्या लावा (नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका). चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला की कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिला तर किंगपिनची (ज्या खुंटावर चाक वळतं त्याची) बेअरिंगं गेलीत. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, तिथे खेळ असेल तर टाय रॉडचे एंड बघा.

डावीकडे ओघळणारं ग्रीस म्हणजे ॲक्सलच्या आतलं ऑइल सील गेलंय. डिफरन्शिअलचं (ॲक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या गिअरांचं) तेल नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) येतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि बाहेर पडतं. बाहेरचं सील बदलून थांबणार नाही. नकल पूर्ण उघडावा लागेल, आणि तो उघडलाच आहे तर किंगपिनची बेअरिंगं त्याच मजुरीत बदलून घ्या.

विदर्भवाला | २ मे, रात्री १०:२०

वाचतोय. माझी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) आहे, पण पुढचा ॲक्सल तोच. ब्रेक दाबून बघायची युक्ती उद्याच करतो.

कातळसडा | ३ मे, सकाळी ७:१५

आम्ही रत्नागिरीकडचे. गंजाला आमच्याकडे एकच औषध, मे अखेरीस गाडीखाली जळकं ऑइल मारायचं. आजोबांच्या जीपपासून हेच चाललंय. दोनशे रुपयांत काम. ते महागडे कोटिंग वगैरे शहरात ठीक.

मीनल_के | ३ मे, सकाळी ११:४८

कातळसडा दादा, तुमच्या आजोबांच्या जीपबद्दल आदर आहे, पण यावर मला विरोध करावाच लागेल. वीस वर्षं गंजरोधक रंगांत काम केलंय.

जळक्या तेलात इंजिनातली आम्लं आणि धातूचा चुरा असतो. रबर त्याने फुगतं, म्हणजे पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, ब्रेकचे होज, इंजिनाची माउंटिंगं. पहिल्या दोन मोठ्या पावसांत त्यातलं बरंचसं धुऊन जमिनीत जातं. कोकणात जांभ्यातून पाणी किती पटकन मुरतं आणि विहिरी किती जवळ असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. सायलेन्सरवर उडालं तर आगीची भीती वेगळीच.

ताई, त्याहून मोठी चूक आहे गंजावरच जाड काळं डांबरी कोटिंग मारणं. वरून छान दिसतं. आत कोटिंग आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकतं, खारं असेल तर विचारूच नका, आणि चासी आतून कुजत राहते. कळतं तेव्हा बोट आरपार जातं.

माझी पद्धत सांगते. चासीच्या पोकळ भागांना खाली निचऱ्याची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. आधी ती तारेने मोकळी करा. आतून पाण्याचा जोरदार फवारा, गढूळ पाणी येणं थांबेपर्यंत. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मे महिना त्यासाठी उत्तम. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, मग झिंकचं प्रायमर, मग रंग. पोकळ भागांत आतून मेणाचा फवारा, तो लांब नळीने मारतात. दरवर्षी पावसाआधी तपासायचं. पहिल्या वर्षी कष्ट आहेत, पुढे एका दुपारचं काम राहतं.

कातळसडा | ३ मे, दुपारी १:०२

विहिरीचा विचार मी खरंच केला नव्हता. आमची विहीर शेडपासून वीस पावलांवर आहे. या वर्षी जळकं ऑइल नाही मारत. ते मेण कुठे मिळतं ते सांगा.

नाना_उद्यमनगर | ३ मे, दुपारी ३:३०

पोरी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी उद्यमनगरात लेथवर चाळीस वर्षं काढली. माझ्याकडं महिंद्राची एमएम ५४० हाय, २११२ सीसीचं प्युजो इंजिन. नातू म्हणतो आजोबा म्युझियमला द्या. म्हटलं, म्युझियम चालू हाय की, रोज पंचगंगेपर्यंत जाऊन येतंय.

समद्यांनी ॲक्सलचं सांगितलं, पाट्यांचं कुणी बोललं नाही. पाटे बसले, शॅकलचे (पाटे चासीला टांगणाऱ्या कड्यांचे) बुश खाल्ले की अख्खा ॲक्सल डावीउजवीकडं सरकतो. मग किंगपिन कितीबी नवीन घाल, चाकं नाचणारच. पाटे उतरवून घे, पान अन् पान सुटं कर, तडा गेलाय का बघ, घासून मध्ये ग्रीस लावून परत बांध. सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवेच घाल, जुने परत वापरायचे न्हाईत. बुश मिळाले न्हाईत तर मापं पाठव, पितळेत काढून देतो.

घाटरस्ता | ३ मे, दुपारी ४:१०

नाना, पाट्यांचं शंभर टक्के बरोबर, माझ्याकडून राहिलं. पण बुश पितळेचे नकोत असं मला वाटतं. मूळ रबराचे असतात ते धक्का पचवायला. कडक बुश घातले की तोच धक्का चासीवरच्या हँगरला बसतो. इथे चासी आधीच गंजलेली आहे, तडा जाईल. रबरी बुश पुण्याच्या नाना पेठेत सहज मिळतात. गाडी डिसेंबर १९८५ मध्ये आली आणि सर्वसामान्यांना २०१९ पर्यंत नवी मिळत होती, लष्करात तर भरपूर आहेत, त्यामुळे झिजणारे पार्ट अजून मुबलक आहेत.

नाना_उद्यमनगर | ३ मे, दुपारी ४:४०

पटलं. माझ्या जीपची चासी ठणठणीत हाय म्हणून खपून गेलं. रबरीच घाल पोरी.

कागदपत्र_काकू | ३ मे, सायंकाळी ६:२०

मी आरटीओच्या कामांत लोकांना मदत करते. डिझेल इंजिनाचं कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते. करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कडक भूमिका घेतली. आरसी बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर नूतनीकरण अडेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

तुमची नोंदणी १९९८ ची, म्हणजे २०१३ ला पंधरा वर्षं झाली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, २०१८ आणि २०२३. आरसीवर २०२८ पर्यंतची तारीख आहे का ते आजच बघा. नसेल तर फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन करून घ्यावं लागेल. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५००० रुपये झालं होतं, जुन्या गाड्यांचं आताचं शुल्क आरटीओत विचारून घ्या, पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. पीयूसी कार्बोरेटर नीट झाल्यावर काढा.

वाशिष्ठीकाठ | ३ मे, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आरसी बघितली, २०२८ पर्यंत आहे. बाबांनी २०२३ मध्ये स्वतः जाऊन करून आणलंय, मला माहीतही नव्हतं. डिझेलचा विचार संपला.

साधा_विचार, जिम्नी मी चालवून बघितली, छान आहे. पण चार माणसांची, आणि मागे पेट्या ठेवायला जागा फार थोडी. जिप्सीचं मागचं बाक दुमडलं की अख्खा हौदा मिळतो. आणि विकायची गोष्ट मी बाबांसमोर काढू शकत नाही.

नानांचा निरोप बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, पंचगंगेपर्यंत जाणाऱ्या जीपला आमच्या जिप्सीचा नमस्कार सांग.

उद्या हातोडी घेऊन खाली शिरणार आहे. सीटांचा कुबट वास मात्र काही केल्या जात नाही. २०२१ च्या पुरात गाडी चिपळूणला काकांकडे होती, तेव्हापासूनचा आहे.

घाटरस्ता | ३ मे, रात्री १०:०२

ताई, थांबा. पुरात होती? किती पाणी? नंतर काय काय बदललं?

वाशिष्ठीकाठ | ३ मे, रात्री १०:१८

२२ जुलैचा तो पूर. सीटच्या वर पाणी होतं, दीड दिवस. नंतर इंजिन ऑइल दोनदा बदललं, टाकी काढून धुतली, प्लग, फिल्टर, सेल्फ उघडून साफ केला. सुरू झाली तेव्हा बाबांनी पेढे वाटले. मागच्या डिफरन्शिअलचं तेल २०२२ मध्ये सील गळलं म्हणून बदललं होतं. पुढचं कुणी उघडल्याचं आठवत नाही.

घाटरस्ता | ३ मे, रात्री १०:४५

मग माझा क्रम बदलतो. उद्या चासीच्या आधी पुढच्या डिफरन्शिअलचा खालचा बोल्ट उघडा. त्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो अडकलेला असताना तेल काढून टाकलं तर गाडी जागेवर अडकते.

डिफरन्शिअलला हवा ये-जा करायला ब्रीदर असतो. गाडी बुडाली की तिथून आणि जुन्या सीलमधून पाणी आत जातं. हब मोकळी असली की पुढचा ॲक्सल फिरतच नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसून राहतं. चार वर्षं. तेल दुधाच्या चहासारखं निघालं तर समजा की बेअरिंगं गंजली असणार. हबचं तेच. दांडी पडते आणि चाकं ओढत नाहीत, याचा अर्थ हबमधला सरकणारा दातेरी भाग बहुतेक जाम झालाय.

ट्रान्सफर केस (पुढच्या ॲक्सलकडे ताकद वळवणारा डबा) आणि गिअरबॉक्सचंही तेल काढा. हायपॉइड गिअर असलेल्या डिफरन्शिअलला जीएल-५ दर्जाचं तेल, गिअरबॉक्सला जीएल-४. उलट करू नका, जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझरला मारक असतात.

मस्कतकर | ४ मे, सकाळी ८:३०

मस्कतला सोळा वर्षं आहे, इथे जुन्या लँड क्रूझर मंडळींबरोबर समुद्रकाठी आणि वाळवंटात जातो. पुरात न बुडताही ॲक्सलमध्ये पाणी जातं. लांब पल्ल्यावर ॲक्सल तापतो, तसाच तो थेट पाण्यात घातला की आतली हवा एकदम आक्रसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या खणात वरपर्यंत न्यायची आणि टोकाला छोटा फिल्टर. कोकणातल्या पऱ्ह्यांमधून (ओढ्यांमधून) जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हे हवं.

आणि समुद्रावरून आलो की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुतो. दुसऱ्या दिवशीवर टाकत नाही.

वाशिष्ठीकाठ | ४ मे, रात्री ८:४०

पुढच्या डिफरन्शिअलमधून आधी अर्धा पेला गढूळ पाणी आलं. मग तेल, अगदी चहाच्या रंगाचं. बाबा बघत उभे होते, काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "चार वर्षं मी तिला तसंच ठेवलं."

चासीचंही सांगते. मागच्या डाव्या शॅकलच्या हँगरजवळ हातोडीचा आवाज बद्द आला, तिसऱ्या ठोक्याला भोक पडलं. तळहाताएवढा भाग गेलाय. बाकी सगळीकडे खणखणीत. किंगपिन ढिला आहेच, ब्रेक दाबूनही खेळ राहतो. मागच्या दोन्ही ड्रममध्ये व्हील सिलिंडर ओले आहेत.

मीनल_के | ४ मे, रात्री ९:१५

तळहाताएवढाच असेल तर नशीब चांगलं. वरून ठिगळ लावू देऊ नका. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा आतून-बाहेरून बसवून जोडायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी सोडा आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आत वाफ असते.

तुमच्या बाबांना सांगा, त्यांचा दोष नाही. त्या आठवड्यात चिपळूणमध्ये लोक घरातला चिखल काढत होते. गाडीचा पुढचा डिफरन्शिअल कुणाला आठवणार.

नाना_उद्यमनगर | ४ मे, रात्री ९:५०

बाबांना सांग, इंजिन वाचवलं त्यांनी, तेच मोठं काम. डिफरन्शिअलची बेअरिंगं नवी पडतील, क्राऊन-पिनियनचे, म्हंजी आतल्या गिअरजोडीचे, दात बघून घे. दातांवर नुसता तांबूस डाग असंल तर घासून चालतंय, खड्डे पडले असतील तर जोडीच बदलावी लागंल. फिटर चांगला बघ. क्राऊनची बॅकलॅश, म्हंजी दातांतला खेळ, डायल लावून मोजणारा पाहिजे, हातानं अंदाज घेणारा नको.

साधा_विचार | ५ मे, सकाळी १०:१०

विका म्हणालो होतो, मागे घेतो. ब्रेकचं मात्र टाळू नका. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, लवचीक होजही नवे घाला. जुने होज आतून सुजतात, बाहेरून चांगले दिसतात आणि ब्रेक धरून ठेवतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे दोन वर्षांनी बदलायचंच. जांभ्याचा उतार आणि मागे पेट्या, तिथे पाय आत गेला तर काय होईल?

विदर्भवाला | ५ मे, दुपारी १२:३०

सकाळच्या सुरू होण्यावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या कार्बोरेटरमधली रबरं त्यासाठी बनलेली नव्हती, डायफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्या कडक होतात किंवा फुगतात. कार्बोरेटरचं किट, फ्लोटची सुई आणि टाकीपासूनच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. वास येतोय म्हणजे कुठेतरी पाझर आहे, हे काम सुरू करण्याआधीच शोधा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि ते तळाशी वेगळं होतं.

वाशिष्ठीकाठ | २९ मे, रात्री १०:३०

उशीर झाला, हंगाम संपत आला होता. झालेलं काम सांगते.

चासीचा तुकडा कापून नवा बसवला, टाकी काढूनच. मीनलताईंच्या पद्धतीने आत मेण मारलं. पुढच्या डिफरन्शिअलची सगळी बेअरिंगं बदलली. क्राऊनच्या दातांवर डाग होते, खड्डे नव्हते, तीच ठेवली. फिटरने डायल लावून मोजलं, मी नानांचं नाव घेऊन मोजायला लावलं. दोन्ही नकल उघडले, किंगपिन बेअरिंग, आतली-बाहेरची सीलं नवी. डाव्या हबमधला दातेरी भाग खरंच गंजून बसला होता, रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवल्यावर सुटला. पाटे उतरवून बांधले, बुश रबरी. व्हील सिलिंडर, होज, ब्रेक ऑइल, कार्बोरेटरचं किट, नळ्या. ब्रीदरच्या नळ्या बाबांनी स्वतः लावल्या, पुढची आणि मागचीही. एकूण ७४ हजार, त्यात नऊ हजार वेल्डिंगचे. डॅम्पर जुनाच आहे. रंगाला हात लावला नाही. चाकं नाचायची थांबली.

आज सकाळी सड्यावर गेलो. पायथ्याशी बाबा उतरले, दोन्ही हब फिरवली, लो गिअर टाकला. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मधल्या वळणावर, जिथे आधी चाकं नुसती फिरायची, तिथे पुढच्या चाकांनी दगड धरल्याचं सीटमध्ये जाणवलं. वर पोचल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं नाही, बराच वेळ तसंच ऐकत बसले.

शेवटच्या रायवळ आंब्यांच्या बारा पेट्या खाली आणल्या.

एक विचारायचं राहिलं. नवं तेल पुन्हा कधी बघू?

घाटरस्ता | २९ मे, रात्री १०:५२

पाचशे किलोमीटरनंतर खालचा बोल्ट थोडा ढिला करून चार थेंब पांढऱ्या वाटीत घ्या. स्वच्छ असेल तर पुन्हा घट्ट करा. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा, सडा नसला तरी एखाद्या मातीच्या रस्त्यावर, हब लावून दोन-तीन किलोमीटर चालवा म्हणजे पुढच्या ॲक्सलमध्ये तेल फिरत राहील. डांबरावर फोर बाय फोर लावू नका, मधे डिफरन्शिअल नाही, सगळं ताणलं जातं.

नाना_उद्यमनगर | ३० मे, सकाळी ६:०५

बारा पेट्यांतली एक कोल्हापूरच्या एसटीत टाक पोरी.